मिरची एकाच नाकपुडीत जात नाही: सायनसचं चौदा महिने रेंगाळलेलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

माझं नंदुरबारला मेडिकल आहे, वीसेक वर्षं झाली. मी डॉक्टर नाही, डी. फार्म. केलेला माणूस आहे, हे आधीच सांगून ठेवतो. ज्यांची ही गोष्ट आहे त्यांना आपण आप्पा म्हणू, आमच्याकडे एका गल्लीत चार आप्पा असतात त्यामुळे कोणाला पत्ता लागायचा नाही. त्यांना विचारूनच लिहितोय आणि एक-दोन तपशील मुद्दाम बदललेत.

आप्पा तेव्हा 53 वर्षांचे, एका मिरची व्यापाऱ्याकडे हिशोबाला. ज्यांनी नंदुरबारच्या पथाऱ्या पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, दसरा-दिवाळीच्या आगेमागे ओली लाल मिरची बाजार समितीत यायला लागते, व्यापारी ती घेऊन गावाबाहेर मोकळ्या जागेवर उन्हात पसरवतात, त्या जागेला पथारी म्हणायचं. लांबून लाल सतरंजी अंथरल्यासारखी दिसते आणि जवळ गेलं की डोळे आणि नाक दोन्ही वाहायला लागतात. बाया तोंडाला फडकं बांधून देठ खुडत बसतात. आप्पांचं टेबल तिथेच एका पत्र्याच्या शेडमध्ये, सीझन संपेपर्यंत.

बाकी तब्येत म्हणाल तर शुगर आठ वर्षांपासून, गोळ्या चालू, पथ्य जेमतेम कारण शेवभाजी सुटत नाही. तंबाखू-विडी काही नाही. 2019 मध्ये वरच्या डाव्या दाढेचं रूट कॅनॉल करून कॅप बसवलेली. हे शेवटचं वाक्य मी इथे सहज लिहून गेलो, पण चौदा महिन्यांत ते एकाही चिठ्ठीवर आलं नाही. कोणी विचारलं नाही आणि आप्पांनी सांगितलं नाही, नाकासाठी गेलेला माणूस दाताचं कशाला सांगेल.

त्रास काय होता

2022 ची दिवाळी झाली आणि आप्पांना सर्दी झाली, सगळ्यांना होते तशीच. आठवड्यात ताप-अंगदुखी गेली पण डावी नाकपुडी बंदच राहिली, डाव्या डोळ्याखाली गालात जड जड वाटायचं, घशात मागून काहीतरी उतरायचं आणि वास येणं हळूहळू कमी झालं. एक दिवस दुकानात आले, उधारीच्या वहीवर सही करायला वाकले आणि नाकातून पिवळा थेंब टपकन काउंटरच्या काचेवर पडला. त्यांनाच इतकं अवघडल्यासारखं झालं की रुमालाने काच एकदा पुसली, मग परत पुसली. "सकायपासून तिसरा डाव से भाऊ," म्हणाले. मी हसून टाळलं, आपल्याला काय, सर्दीचे पेशंट दिवसाला तीस येतात.

दुसरी गोष्ट त्यांनी खालच्या आवाजात सांगितली. "माले सडेल वास ई ऱ्हायना." म्हणजे बाहेरचा वास येत नाही आणि नाकातल्या नाकात मात्र काहीतरी कुजल्याचा वास येतो. वहिनींना आधी तो येत नव्हता, त्यांना वाटायचं यांचं काहीतरीच, पण नंतर नंतर आप्पा जवळ बसून बोलले की त्यांनाही यायला लागला. आप्पांनी मग लग्नकार्यात लोकांपासून हातभर लांब बसायला सुरुवात केली, आणि हे त्यांना गालातल्या दुखण्यापेक्षा जास्त लागलं होतं.

कारण काय ते मात्र सगळ्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं, मिरचीचा ठसका. मालक म्हणाला मिरची, फॅमिली डॉक्टर म्हणाले मिरचीची धूळ, मी पण म्हणालो आप्पा मास्क लावत जा. पथारीवर बसणाऱ्या माणसाचं नाक वाहतंय म्हटल्यावर दुसरं कोण काय शोधणार.

पहिलं वर्ष

यात काय काय झालं ते भराभर सांगतो. फॅमिली डॉक्टरांनी अँटीबायोटिक दिलं, चार दिवसांत वास गेला, आप्पा खुश. पंधरा दिवसांत परत सुरू. दुसरे डॉक्टर, दुसरं अँटीबायोटिक. मग ओव्याची वाफ, मग कोणीतरी सांगितलेलं गायीचं तूप नाकात, मग होमिओपॅथीचे दोन महिने. उन्हाळा आला, मिरचीचा सीझन संपला, पथारी रिकामी झाली, आप्पा पेठेतल्या दुकानात बसायला लागले आणि तरी डावं नाक तसंच. खरं तर इथेच गाडी थांबायला हवी होती, मिरचीचा त्रास असता तर मिरची गेल्यावर कमी झाला असता. पण तेव्हा सगळे म्हणाले आत बसलेला कफ आहे, निघायला वेळ लागतो.

एका कान-नाक-घसा डॉक्टरांकडेही ते गेले होते, दुसऱ्या गावात. त्यांनी साधा एक्स-रे काढला, नाकाचं हाड वाकडं आहे म्हणाले, ऑपरेशन करून घ्या. नाकाचा मधला पडदा थोडाफार वाकडा बहुतेकांचा असतो, माझाही आहे. आप्पा ऑपरेशन ऐकून जे पळाले ते सहा महिने कोणत्याही नाकाच्या डॉक्टरकडे गेले नाहीत. मध्ये एका ठिकाणी सूज उतरायला स्टिरॉइडच्या गोळ्या मिळाल्या पाच दिवसांच्या, शुगरचं कोणी विचारलं नाही आणि चौथ्या दिवशी ग्लुकोमीटरवर 318 आलं. गोळ्या बंद केल्या.

आणि थेंब. नाक मोकळं करायचे ते थेंब, झायलोमेटाझोलिनचे, आप्पांनी स्वतःच नेले, दोन मिनिटांत नाक मोकळं होतं, कोणालाही आवडेल. पण हे थेंब पाच-सात दिवसांच्या वर वापरायचे नसतात, कारण नाकातल्या रक्तवाहिन्या आक्रसून सूज उतरते आणि औषधाचा असर गेला की त्या आधीपेक्षा जास्त फुगतात, मग परत थेंब, मग परत फुगणार. आप्पा ऑगस्टपर्यंत दिवसातून पाच वेळा दोन्ही बाजूंना घालत होते आणि त्यामुळे आता उजवी नाकपुडीही बंद राहायला लागली होती. मूळ दुखणं एका बाजूचं आहे ही जी एक धडधडीत खूण होती ती या थेंबांनी झाकून टाकली. थेंब देणारा मीच.

बिलांची यादी

आप्पांचा मुलगा सुरतेला कपड्याच्या मार्केटमध्ये कामाला आहे. 2023 च्या दिवाळीला आला तेव्हा वडिलांची अवस्था बघून म्हणाला मी यांना सुरतेला दाखवतो, तुम्ही वर्षभराची बिलं काढून द्या, मेडिक्लेमला लागतील. मी कॉम्प्युटरवर नाव टाकून प्रिंट दिली आणि कागद बाहेर येताना सहज वाचत उभा राहिलो.

अँटीबायोटिकचे सहा कोर्स. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह 625 तीनदा, अझिथ्रोमायसिन 500 दोनदा, लिव्होफ्लॉक्सासिन एकदा. थेंबांच्या अकरा बाटल्या. सहापैकी तीन कोर्स तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहिलेले आणि उरलेले तीन मी जुन्या चिठ्ठीवर दिलेले. आप्पा यायचे, "मागच्या खेपेना गोया दे", मी द्यायचो, ओळखीचा माणूस, नाही म्हटलं तर समोरच्या मेडिकलवरून नेईल. पाकिटाच्या त्या उभ्या लाल रेषेचा अर्थ डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये असा आहे, 2016 मध्ये सरकारने त्याची मोहीमही काढली होती, ते पोस्टर माझ्या दुकानात लागलेलं होतं.

पण त्याहून टोचलं ते तारखांचं. प्रत्येक कोर्सनंतर तीनेक आठवडे काहीच खरेदी नाही, मग एक थेंबाची बाटली, मग परत कोर्स. औषधाने बरं होतंय आणि औषध थांबलं की त्याच जागी तेच परत येतंय, म्हणजे आत कुठेतरी साठा आहे जिथून माल पुरवला जातोय. प्रत्येक डॉक्टरला फक्त आपापला कोर्स दिसत होता, पूर्ण यादी एकट्या माझ्याकडे होती आणि मी ती फक्त पैशांच्या हिशोबासाठी ठेवत होतो.

निर्णयाची पहिली जागा: सुरत

सुरतेच्या डॉक्टरांकडे जानेवारी 2024 मध्ये नंबर लागला. मुलगा सांगत होता, आप्पांनी मिरचीची सगळी कहाणी सांगितली, डॉक्टर ऐकत राहिले आणि मग हिंदीत एवढंच विचारलं, "मिर्ची क्या एक ही नाक में जाती है?"

मग दुर्बीण घातली. डाव्या बाजूला मधल्या पटलाखालून पू येताना सरळ दिसला, उजवीकडे फक्त थेंबांची सूज. मस्से नाहीत, कुठे काळी खपली नाही. मग विचारलं वरच्या दाढा कशा आहेत, आणि आरशाच्या दांड्याने एकेक दाढ ठोकून बघितली. कॅपवाल्या दाढेवर आप्पा म्हणाले थोडं वेगळं वाटतं, दुखत नाही.

हे न दुखणं फसवं असतं. गालाच्या हाडातली जी पोकळी, मॅक्सिलरी सायनस, तिचा तळ म्हणजेच वरच्या दाढांच्या मुळांचं छत, मध्ये काही जणांत कागदाएवढं हाड असतं आणि काहींत तेवढंही नसतं. मुळाशी पू झाला की एरवी तो हाडात कोंडतो आणि माणूस रात्रभर ठणकतो, पण तो वर सायनसमध्ये फुटला तर दाब निघून जातो, दाढ गप्प बसते आणि नाक बोलायला लागतं. त्या पूमधले जंतू बऱ्याचदा हवेशिवाय जगणारे असतात, सडका वास त्यांचाच. मॅक्सिलरी सायनसच्या दुखण्यात दाताचा वाटा जुन्या पुस्तकांत 10-12 टक्के लिहिलेला आहे, अलीकडच्या अभ्यासांत जुनाट केसेसमध्ये 40 टक्क्यांपर्यंत धरतात, आणि दुखणं एकाच बाजूचं असेल तर दात आधी बघावा लागतो.

सीटी स्कॅन झाला, सायनसचा, 3200 रुपये. स्कॅनमध्ये हवा काळी दिसते, आप्पांची उजवी पोकळी काळीभोर आणि डावी पूर्ण करडी, तळाशी दाढेच्या मुळाभोवती हाड खाल्लेलं आणि पोकळीच्या आत एक पांढरा ठिपका. रिपोर्टमध्ये शेवटी एक ओळ होती की फंगल बॉलची शक्यता तपासावी.

त्या एका शब्दाने घर हादरलं. फंगस म्हटलं की 2021 आठवतं, मे महिन्यात म्युकरमायकोसिसची, म्हणजे काळ्या बुरशीची, नोंद सक्तीची झाली होती, त्यावरच्या ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी मला रात्री दोनला अनोळखी लोकांचे फोन यायचे, आणि वहिनींच्या माहेरच्या एकांचा त्यात डोळा काढावा लागला होता. वहिनींनी फोनवर मला एकच विचारलं, भाऊ, डोळा तर नाही ना जाणार? मी काही बोललो नाही कारण आप्पांना शुगर आहे आणि शुगरवाल्यांना ते जास्त होतं हे मला माहीत होतं. डॉक्टरांनी नंतर नीट समजावलं. म्युकर काही दिवसांत-आठवड्यांत पसरतो, चौदा महिने एका जागी बसून राहत नाही, गाल बधिर होतो, टाळूवर किंवा नाकात काळं पडतं, यांना त्यातलं काही नाही. फंगल बॉल वेगळा, तो पोकळीत नुसता गोळा होऊन पडतो, आजूबाजूच्या मांसात शिरत नाही, काढून टाकला की झालं. आणि इथे तो पांढरा ठिपका बहुतेक रूट कॅनॉलमध्ये भरलेला मसाला मुळातून वर सायनसमध्ये गेलाय त्याचा असावा. ऑपरेशनला जे निघेल ते तपासायला पाठवू म्हणाले.

समोर काय पर्याय होते

परत एक मोठा अँटीबायोटिक कोर्स, हा आप्पांचा आवडता पर्याय. तो पहिल्या वाक्यात बाद झाला, साठा तसाच ठेवून किती धुणार.

नुसतं दुर्बिणीचं सायनस ऑपरेशन करायचं, तर पोकळीचं तोंड मोठं होऊन पू निघून जाईल पण दाढ खालून परत माल पाठवणार.

नुसती दाढ बघायची, हे बऱ्याच लोकांत पुरतं, दाढेचा बंदोबस्त झाला की सायनस आपोआप स्वच्छ होतं, काहींत होत नाही आणि मग ऑपरेशन लागतंच. आप्पांचं चौदा महिन्यांचं, पूर्ण भरलेलं, त्यामुळे डॉक्टरांचा कल दोन्ही करण्याकडे होता, पण एका जागी बसून ठरवून, नाकवाले आणि जबड्याचे सर्जन दोघांनी मिळून.

आता दाढेचं काय करायचं त्यातही दोन फाटे. दाताचा थ्री-डी स्कॅन, सीबीसीटी, काढला त्यात दिसलं की वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन असली तरी नळ्या बऱ्याचदा चार असतात आणि ती चौथी बारीक नळी 2019 मध्ये सुटलेली. ती सुटणं काही जगावेगळं नाही, साध्या एक्स-रेत ती दिसतच नाही बऱ्याचदा. रूट कॅनॉल स्पेशालिस्ट म्हणाले परत उघडून प्रयत्न करता येईल, तीन-चार खेपा, यशाची खात्री नाही कारण हाड बरंच गेलंय. नाहीतर दाढ काढायची.

डॉक्टरांनी सांगितलं आधी शुगर खाली आणा, एचबीएवनसी, म्हणजे तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, 8.6 होतं, थेंब सोडा, नाक धुवायला लागा, आणि महिन्याभराने या म्हणजे सगळं एकदम करू.

काय केलं, आणि कुठे घसरलं

थेंब सोडणं हे सगळ्यात अवघड गेलं. पद्धत अशी की एका नाकपुडीचे आधी बंद करायचे आणि दुसऱ्या बाजूचे चालू ठेवायचे म्हणजे माणूस एका नाकाने तरी श्वास घेतो, सोबत स्टिरॉइडचा स्प्रे चालू. हा स्प्रे थेंबांसारखा दोन मिनिटांत काम करत नाही, त्याला दिवस-आठवडे लागतात, म्हणून लोक तीन दिवसांत फेकून देतात. मारायचाही एका ढंगाने, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, टोक कानाच्या दिशेला, मधल्या पडद्यावर मारला तर रक्त येतं. आप्पांना मी काउंटरवर करून दाखवलं. आठ रात्री ते खुर्चीत बसून झोपले पण सुटले थेंब.

नाक धुण्याचं पण सांगतो, कारण लोक नेतीपात्रात नळाचं पाणी भरतात. उकळून गार केलेलंच पाणी घ्यायचं, जारचं आरओचं पाणी पण उकळूनच. नळाच्या-विहिरीच्या पाण्यातला अमिबा नाकातून मेंदूत गेल्याच्या केसेस केरळात अलीकडे झाल्यात, पाणी प्यायल्याने काही होत नाही, नाकात गेल्याने होतं. लिटरला नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे पाव लिटरला अर्ध्या छोट्या चमच्याला थोडं कमी, चिमूटभर खायचा सोडा घातला की झोंबत नाही. पुढे वाकून, तोंड उघडं ठेवून.

इथपर्यंत बरोबर चाललं होतं. मग आप्पांनी हिशोबी डोकं चालवलं. दाढ काढायचीच आहे तर सुरतेला कशाला, तिकडे सर्जन दहा पट घेईल, इथे पाचशे रुपयात निघते. "काढी टाका, आखो काय!" महिना पूर्ण व्हायच्या आधीच एका ओळखीच्या दवाखान्यात जाऊन दाढ काढून आले, सीटीची फिल्म घरी कपाटात. त्या डॉक्टरांना सायनसचं काही सांगितलंच नाही. मला संध्याकाळी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरली आणि पाणी नाकातून आलं. दुकानात येऊन मला करून दाखवलं त्यांनी, ग्लासभर पाणी तोंडात घेतलं, गाल फुगवले आणि डाव्या नाकपुडीतून बारीक धार. चेहरा पांढरा पडलेला. दाढेच्या जागी तोंडातून सायनसपर्यंत आरपार भोक पडलं होतं. असं भोक दोन मिलीमीटरच्या आतलं असेल तर बऱ्याचदा रक्ताची गुठळी धरून आपोआप बुजतं, पाचच्या वर असलं की शिवावं लागतं, आणि वर सायनस पूने भरलेलं असेल तर शिवलेलंही टिकत नाही, आतला पू टाके सोडवतो. म्हणजे जे काम सुरतेला एका बैठकीत व्हायचं होतं तेच आता घाईने आणि जास्त अवघड होऊन करायचं होतं. दाढ काढणाऱ्याला मी दोष देत नाही, त्याला फिल्म दिसली असती तर त्याने हात लावला नसता.

मार्च 2024 मध्ये ऑपरेशन झालं, भूल देऊन, पावणेदोन तास. एचबीएवनसी तेव्हा 7.4 वर आलं होतं. आधी दुर्बिणीतून सायनसचं तोंड मोठं करून आतलं सगळं धुऊन काढलं, मग जबड्याच्या सर्जनने गालाच्या आतलं कातडं सरकवून भोकावर ओढून शिवलं. आप्पांच्या मोठ्या भावाचं चाळीस वर्षांपूर्वी असंच ऑपरेशन झालेलं, तेव्हा वरचा ओठ उचलून हिरडीच्या वरून हाडाला भोक पाडायचे, त्यांचा गाल अजून थोडा बधिर आहे, त्यामुळे घरात सगळ्यांना तेच डोळ्यासमोर. आप्पा दुसऱ्या दिवशी घरी सोडले तेव्हा चेहऱ्यावर एक टाकासुद्धा दिसत नव्हता.

नंतरचे नियम मात्र कडक, दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, स्ट्रॉने काही प्यायचं नाही, कारण दाब आला की टाके सुटणार. आता मिरचीच्या पथारीवर बसणाऱ्या माणसाने शिंकायचं नाही म्हणजे काय. मालकाचा हिशोब अडलेला, तो माणूस पाठवून पाठवून थकला, वहिनींनी दार उघडलं नाही. मिरचीने आप्पांना दुखणं दिलं नव्हतं, पण बरं होताना मिरचीपासून लांब राहावंच लागलं, एवढा मान मिरचीला मिळाला.

निकाल

तपासणीत फंगस निघाला नाही. पांढरा ठिपका दाताच्या मसाल्याचाच. खर्च ऑपरेशनचा 78 हजार, त्यातले बरेचसे मेडिक्लेमने दिले, दाताच्या भागाचे नाही दिले, दाताचं पॉलिसीत बसत नाही म्हणाले.

सडका वास चौथ्या दिवशी गेला तो गेलाच. टाके टिकले. बाहेरचा वास यायला मात्र वेळ लागला, आप्पांनी जवळजवळ आशा सोडली होती. एप्रिलमध्ये अखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आधी वहिनी वर्षाचा काळा मसाला करायला बसल्या, लोखंडी कढईत मिरच्या भाजायला टाकल्या आणि आप्पा बाहेरच्या ओट्यावरून ठसकत आत आले, दोन्ही नाकपुड्यांतून पाणी. मला तिथूनच फोन केला, "मिरचीना वास ई ऱ्हायना भाऊ!" मागे वहिनी ओरडत होत्या की शिंकू नका.

त्यानंतर आजपर्यंत दोनदा सर्दी झाली, दोन्ही वेळा धुणं आणि वाफ यावर आठ-दहा दिवसांत गेली. अँटीबायोटिक एकही नाही.

वेगळं काय करता आलं असतं

तारखा लावून बघितलं तर पहिली चुकलेली जागा फेब्रुवारी 2023 ची आहे. साधी सर्दी-सायनस बहुतेक वेळा विषाणूचीच असते, दहा दिवसांच्या आत अँटीबायोटिकची गरज सहसा नसते, आणि बारा आठवडे उलटले की ते जुनाट धरून दुर्बीण किंवा सीटी करायला पाहिजे, नुसत्या साध्या एक्स-रेवर भागत नाही. आप्पांचे बारा आठवडे फेब्रुवारीतच भरले. तेव्हा तीन हजारांचा स्कॅन झाला असता तर पुढचे चार-पाच कोर्स, 318 ची शुगर, लग्नातलं लांब बसणं यातलं काही झालं नसतं. दाढ वाचली असती का, माहीत नाही, कदाचित.

हाड वाकडं आहे सांगणाऱ्या डॉक्टरांना घाबरून पळण्यापेक्षा आप्पांनी दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतलं असतं तर सहा महिने वाचले असते, पण ऑपरेशन हा शब्द पहिल्याच भेटीत, तपासणीच्या आधी टाकला की खेड्या-तालुक्याचा माणूस पळणारच, ही त्याची चूक निम्मीच.

आणि दाढ. मुलगा सुरतेला, आप्पा इथे, ठरलेलं सगळं फोनवर. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्यायला हवं होतं की दाढ कोणाकडूनही काढायची नाही. डॉक्टरांनी तोंडी सांगितलं होतं म्हणे, आप्पांना फक्त "दाढ काढायची" एवढंच ऐकू आलं.

माझ्या बाजूचं सांगायचं तर मी दोन गोष्टी बदलल्या. जुन्या चिठ्ठीवर अँटीबायोटिक देणं बंद केलं, महिन्याला काही गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं, जाऊ दे. आणि नाकाचे थेंब मागायला आला की विचारतो दोन्ही बाजू की एकच, कधीपासून, वास सडका येतो का, वरची दाढ कधी भरली-काढली आहे का. लोक आधी वैतागतात. डोळ्याभोवती सूज आलीये, एकाचे दोन दिसतायत, गाल बधिर झालाय किंवा डोकं असह्य दुखून मान आखडलीये असं कोणी सांगितलं तर मी काहीच देत नाही, रिक्षा बोलावून देतो. असं दोनदा झालंय, एकदा निघालं काही नाही आणि एकदा खरंच ॲडमिट करावं लागलं.

आप्पांच्या दाढेची जागा अजून रिकामीच आहे. इम्प्लांट बसवायचं तर तिथलं हाड कमी पडतं, सायनसचा तळ वर उचलून हाड भरावं लागेल, शुगर सांभाळून, आणि परत त्याच पोकळीजवळ खोदकाम. बाजूच्या दोन दाढा घासून ब्रिज बसवायचा तर त्या दोन चांगल्या दाढा बिघडवायच्या. आप्पा म्हणतात बघू. भरीत-भाकरी चालते, शेंगदाणे उजवीकडून चावतात, आणि हल्ली सीझनला पथारीवर मास्क मात्र लावतात, कॅप काढलेल्या त्या दाढेची डबी त्यांच्या टेबलाच्या खणात शिक्क्याच्या पॅडशेजारी ठेवलेली असते.